व्हिडिओ कॅमेरा घेण्यापूर्वी संगणकाला विचारा

आपल्या मंडळाच्या कपाटात २००६ सालच्या चार लहान डीव्हीडी आहेत. तळहातावर मावतील अशा, आठ सेंटिमीटर व्यासाच्या या चकत्यांवर निळ्या शाईने नावे लिहिलेली आहेत. धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण असा ठराव केला होता की, ज्यांनी १९५६ साल डोळ्यांनी पाहिले अशा आपल्या वाडीतील व मुंबईतील वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणी चित्रित करून ठेवाव्यात. एका धम्मबंधूंनी आपला कॅमेरा विनामूल्य वापरावयास दिला. चार रविवार चित्रीकरण झाले. त्यात एक आजी होत्या. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर परमपूज्य बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली, त्या जनसमुदायात आजी आपल्या वडिलांचा हात धरून उभ्या होत्या. तेव्हा त्यांचे वय चौदा वर्षांचे. त्या दिवसाविषयी त्या सलग वीस-बावीस मिनिटे बोलल्या आणि आम्ही समोर बसून ऐकले.

दोन वर्षांनी एका कार्यक्रमात हे चित्रण दाखवावे म्हणून चकती संगणकात घातली, तर संगणक म्हणाला, चकती रिकामी आहे. चारही चकत्यांचे तेच. पुढे चौकशी केली तेव्हा कारण कळले. त्या जातीच्या कॅमेऱ्यात चित्रीकरण संपल्यावर चकती ‘फायनलाइज’ करावी लागे. म्हणजे चकतीवर शेवटची अनुक्रमणिका लिहून ती बंद करावयाची. ती केली नाही तर चकतीवरील चित्रण त्याच कॅमेऱ्यात दिसते, बाहेर कोठेही दिसत नाही. आणि तोवर कॅमेरा विकला गेला होता.

दुसरा प्रसंग २०१२ सालचा, आणि त्यातील चूक सर्वस्वी आमची आहे. या वेळी कॅमेरा मेमरी कार्डाचा होता. कार्ड संगणकाला लावले, त्यात ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसला, तो उतरवून घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी कार्ड पुसून टाकले. त्या फोल्डरमध्ये केवळ छायाचित्रे असतात हे आम्हास ठाऊक नव्हते. चलच्चित्रे ‘प्रायव्हेट’ या फोल्डरच्या पोटात, त्यातील ‘एव्हीसीएचडी’, त्यातील ‘बीडीएमव्ही’ आणि त्यातील ‘स्ट्रीम’ अशा चौथ्या खोलीत बसलेली होती. ती गेली. जे दुसऱ्या कार्डावर वाचले होते, ते आमच्या त्या वेळच्या एक्स-पी संगणकावरील मूव्ही मेकरने उघडण्यास नकार दिला.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे की, मंडळाने नवा व्हिडिओ कॅमेरा घेण्याचे ठरविले असून, ‘कोणता घ्यावा?’ हा प्रश्न सभेत अनेकांनी विचारला. शिवाय आपल्या वाडीतील काही विद्यार्थी स्वतः चित्रण करून मोबाइलवर व संगणकावर संपादन करू लागले आहेत. त्यांनाही याचा उपयोग व्हावा. आम्ही या विषयाचे तज्ज्ञ नाही. कला शाखेचे पदवीधर आहोत आणि पोटासाठी बँकेत आकडेमोड करतो. परंतु दोनदा ठेच लागल्यावर जे वाचले, विचारले आणि करून पाहिले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम एक साधी गोष्ट. कॅमेरा विकत घेताना दुकानदार भिंग दाखवितो, झूम दाखवितो, पडदा उलटा फिरवून दाखवितो. तो कॅमेरा फाइल कोणत्या प्रकारची बनवितो, हे बहुधा दाखवीत नाही. आणि आपले सगळे पुढचे काम त्या फाइलवरच अवलंबून असते. म्हणून निवड उलट्या टोकापासून करावी. शेवटी चित्रण कोठे दाखवावयाचे आहे, संपादन कोणत्या सॉफ्टवेअरवर होणार आहे, ते सॉफ्टवेअर कोणत्या संगणकावर चालणार आहे, हे आधी ठरवावे. कॅमेरा त्यानंतर.

आता फाइल म्हणजे काय ते पाहू. पाली भाषेला स्वतःची अशी एक लिपी नाही हे आपणांस ठाऊक आहेच. त्रिपिटक श्रीलंकेत सिंहली लिपीत आहे, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत आणि आपल्याकडे देवनागरीत. समजा या चारही ग्रंथांना एकाच रंगाची, एकाच आकाराची जिल्द बांधली. बाहेरून चारही सारखे दिसतील. उघडल्यावर मात्र ज्याला जी लिपी येते तेवढेच त्याला वाचता येईल. व्हिडिओ फाइलचे नेमके असेच आहे. ‘एमपी-फोर’, ‘एमओव्ही’, ‘एमटीएस’ ही जी नावे फाइलच्या शेवटी दिसतात ती जिल्दीची नावे आहेत. आतील लिपी निराळी असते. तिला ‘कोडेक’ म्हणतात आणि तिची नावे ‘एमपेग-टू’, ‘एच.२६४’, ‘एच.२६५’ अशी आहेत. म्हणून ‘आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एमपी-फोर चालते’ एवढ्याने काम होत नाही. एका एमपी-फोरमध्ये एच.२६४ असते, दुसऱ्यात एच.२६५. पहिले चालते आणि दुसऱ्याला काळा पडदा येतो. मग मुले म्हणतात संगणक बिघडला. संगणक बिघडलेला नसतो, त्याला ती लिपी येत नसते.

येथे एक फसगत नेहमी होते. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये फाइल उत्तम दिसते, म्हणून ती संपादनातही चालेल असे आपण धरून चालतो. व्हीएलसी स्वतःबरोबर जवळजवळ सगळ्या लिपी घेऊन येते, आपले संपादनाचे सॉफ्टवेअर तसे करीलच असे नाही. काही सॉफ्टवेअर विंडोजकडे असलेल्या लिपींवर विसंबून असतात, आणि विंडोजमध्ये एच.२६५ साठी नाममात्र किमतीचे वेगळे जोड-सॉफ्टवेअर घ्यावे लागू शकते.

कोणत्या काळातील कॅमेरा काय लिहितो हे थोडक्यात सांगतो, कारण मंडळाला जुने कॅमेरे देणगी म्हणून देणारे हितचिंतक पुष्कळ आहेत आणि देणगी नाकारणे अवघड असते. १९९५ साली डीव्ही पद्धत आली. मिनी-डीव्हीच्या छोट्या कॅसेटवर ती चाले. आपल्याकडील लग्नाचे व्हिडिओवाले पुढे दहा-बारा वर्षे तिच्यावर काम करीत होते. ही पद्धत संपादनास फार सोपी होती. तासाभराचे चित्रण सुमारे तेरा गिगाबाइट होई आणि ‘फायरवायर’ नावाच्या तारेने ते संगणकात उतरे. आज अडचण अशी की नव्या संगणकांना ती खाचच नसते. त्यानंतर डीव्हीडीचे कॅमेरे आले, त्यांची कथा वर सांगितलीच. २००६ साली सोनी आणि पॅनासोनिक या दोन कंपन्यांनी मिळून ‘एव्हीसीएचडी’ ही पद्धत काढली. कार्डाचे घरगुती कॅमेरे पुढे कित्येक वर्षे हीच वापरीत होते. जिल्द एमटीएस, लिपी एच.२६४. २०१३ साली सोनीने ‘एक्सएव्हीसी-एस’ आणली, तिची लिपी एच.२६४ च आहे पण जिल्द सरळ एमपी-फोर आहे. त्याच वर्षी एच.२६५ चे मानक प्रसिद्ध झाले, आणि आता मोबाइल फोन व महागडे कॅमेरे तिच्याकडे वळलेले आहेत. तेवढ्याच प्रतीचे चित्र ती बरीच कमी जागा घेऊन ठेवते.

कमी जागा म्हटल्यावर कोणालाही आनंद होतो, पण तेथेच मेख आहे. ती समजावून सांगण्यास आम्हास आमचाच धंदा उपयोगी पडतो.

बँकेच्या जुन्या खातेवहीत प्रत्येक पानाच्या वर ‘मागील पानावरून आणलेली शिल्लक’ लिहिलेली असे. समजा एखाद्या कारकुनाने जागा वाचविण्यासाठी रोजची शिल्लक लिहिणेच बंद केले. पानाच्या वर एकदा शिल्लक, आणि खाली केवळ जमा व नावे. वही लहान होईल हे खरे. पण कोणी येऊन विचारले की बारा तारखेला शिल्लक किती होती, तर वरपासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागेल. एच.२६४ आणि एच.२६५ मध्ये कॅमेरा हेच करतो. सेकंदाला पंचवीस चित्रे असतात. त्यातले पूर्ण चित्र तो साधारण अर्ध्या-एका सेकंदातून एकदाच लिहितो, मधल्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे लिहितो. वक्ता स्थिर उभा आहे, मागे बुद्धरूप व बाबासाहेबांची प्रतिमा आहे, हलतात ते फक्त ओठ आणि हात. मग मागची भिंत पंचवीस वेळा कशाला लिहावी? इतकेच नव्हे, काही नोंदी तर पुढे येणाऱ्या चित्राचा हवाला देतात. बँकेत आम्ही असे केले तर लेखापरीक्षक आम्हास घरी पाठवतील.

नुसते पाहताना याची अडचण जाणवत नाही, कारण बेरीज क्रमाने चाललेली असते. संपादन करताना मात्र आपण मध्येच कापतो, मागे जातो, पुढे उडी मारतो. प्रत्येक उडीला संगणकाला शेवटच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडावा लागतो. म्हणून जुन्या संगणकावर चित्र अडखळते, आवाज पुढे आणि ओठ मागे राहतात. एच.२६५ चा हिशेब एच.२६४ हून किचकट आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तो हिशेब करणारी खास सोय २०१५ सालच्या सहाव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या संगणकावर एच.२६५ मधील फोर-के चित्रण संपादित करण्याचा हट्ट धरू नये. मिनी-डीव्ही मात्र प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत असे, म्हणून तेव्हाचे किरकोळ संगणकही ते काम निभावून नेत.

यावर उपाय आहे, आणि तो विद्यार्थ्यांनी अवश्य शिकून घ्यावा. त्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. सॉफ्टवेअर मूळ चित्रणाची एक हलकी, कमी प्रतीची कामचलाऊ प्रत तयार करते. आपण कापाकापी त्या प्रतीवर करतो आणि शेवटची फाइल बनविताना सॉफ्टवेअर तेच काप मूळ चित्रणावर लावते. केडीएनलाइव्ह, शॉटकट, दा विंची रिझॉल्व्ह या सर्वांत ही सोय आहे. प्रॉक्सी बनेपर्यंत तासभर जातो, तेवढ्यात चहा होतो.

सॉफ्टवेअरविषयी आमचे मत स्पष्ट आहे. मंडळाने विकतचे वा दरमहा भाड्याचे सॉफ्टवेअर घेऊ नये, आणि चोरून बसविलेले तर मुळीच नको. पंचशीलातील दुसरे शील वंदनेत म्हणावयाचे आणि विहाराच्या संगणकावर चोरीचे सॉफ्टवेअर ठेवावयाचे, हे बरे दिसत नाही. केडीएनलाइव्ह, शॉटकट आणि ओपनशॉट ही तिन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत व पूर्णपणे मोफत आहेत. ‘एफएफएमपेग’ नावाच्या मुक्त संचाच्या आधारावर ती फाइली वाचतात. या संचाला २००० साली सुरुवात झाली. त्याला इतक्या लिपी येतात की, जुन्या डीव्हीडीवरील एमपेग-टू पासून आजच्या एच.२६५ पर्यंत बहुतेक सर्व फाइली ही सॉफ्टवेअर उघडतात. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही फार समर्थ आहे, रंग सुधारण्यात तर तिला तोड नाही. पण तिला चांगला संगणक लागतो, आणि मोफत व विकतच्या आवृत्तीत कोणत्या लिपी चालतात यात फरक आहे. विशेषतः लिनक्ससाठीच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ चे चित्रण उघडत नसल्याचा अनुभव अनेकांना आलेला आहे. सांगावयाचे ते इतकेच की, सॉफ्टवेअरच्या नावावर जाऊ नये. कोणती आवृत्ती, कोणत्या संगणकप्रणालीवर, हे पाहून तिची पाठिंब्याची यादी वाचावी. ती कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात. आणि मूव्ही मेकरची सवय असलेल्यांनी ती सोडावी, मायक्रोसॉफ्टने ते २०१७ सालीच बंद केले.

सर्वात खात्रीची परीक्षा मात्र यादी वाचण्याची नाही. आपले स्वतःचे कार्ड खिशात घालून दुकानात जावे. कॅमेऱ्यात घालावे आणि ज्या प्रतीत पुढे चित्रण करणार आहोत त्याच प्रतीत दोन मिनिटे चित्रण करावे. दुकानदाराला मोठ्याने बोलावयास सांगावे, म्हणजे आवाजाचीही परीक्षा होते. कार्ड घरी आणून आपल्या संगणकावर, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावे, दोन ठिकाणी कापावे, नाव टाकावे, फाइल बाहेर काढावी आणि ती दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहावी. हे सर्व बिनबोभाट झाले तरच पैसे मोजावेत. आम्ही दोन दुकाने फिरलो. एका दुकानदाराने कार्ड घालू दिले नाही, तेथून आम्ही निघून आलो.

आवाजाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. एव्हीसीएचडी कॅमेरे पुष्कळदा आवाज ‘डॉल्बी’ पद्धतीने लिहितात, आणि काही संपादन सॉफ्टवेअरला ती लिपी येत नाही. चित्र येते, आवाज येत नाही. आपल्या कामात तर चित्रापेक्षा आवाजाचे मोल अधिक आहे. आजींचा चेहरा अंधुक असला तरी चालेल, शब्द ऐकू आले पाहिजेत. म्हणून ज्याला बाहेरचा माइक लावण्याची खाच नाही असा कॅमेरा, तो कितीही स्वस्त मिळाला तरी, मंडळाने घेऊ नये. इअरफोनची खाच असेल तर फारच उत्तम. चित्रीकरण चालू असताना आवाज खरोखर आत जातो की नाही, हे ऐकण्याचा दुसरा मार्ग नाही. सभेतील ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरची तार सरळ कॅमेऱ्याच्या माइक-खाचेत घालू नये. मिक्सरमधून येणारा आवाजाचा जोर माइकच्या कितीतरी पट असतो व सगळे फाटके ऐकू येते.

आता चित्रांच्या गतीविषयी. आपल्या देशात विजेची आवर्तने सेकंदाला पन्नास आहेत. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. म्हणून कॅमेरा सेकंदाला पंचवीस वा पन्नास चित्रे घेणारा असावा आणि शटर एक-पन्नासांश सेकंदावर ठेवावे. अमेरिकेत विजेची आवर्तने साठ आहेत, त्यामुळे तेथील कॅमेरे सेकंदाला तीस वा साठ चित्रे घेतात. कोणाचा पुतण्या वा जावई तिकडून कॅमेरा घेऊन येतो, तो दिसावयास झकास असतो, पण विहारातील ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे धावू लागतात. काही कॅमेऱ्यांत हा बदल करण्याची सोय असते, काहींत मुळीच नसते. आणणाऱ्याला आधीच विचारावे, नंतर विचारून मन मोडू नये. शिवाय पंचवीसचे एक आणि तीसचे एक अशी दोन चित्रणे एका फाइलीत जोडली की मिरवणूक झटके खात चालते.

त्याच मुद्द्यातला दुसरा भाग ‘५०-आय’ आणि ‘५०-पी’ या अक्षरांचा. ‘आय’ मध्ये चित्र दोन हप्त्यांत घेतले जाते, आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. जुन्या दूरदर्शन संचांसाठी ही युक्ती होती. आजच्या पडद्यावर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात. सॉफ्टवेअर ते काढू शकते, पण चित्राची धार बोथट होते. कॅमेऱ्यात निवड असेल तर ‘पी’ घ्यावे.

मोबाइलवाल्यांसाठी एक इशारा. मोबाइलचा कॅमेरा उत्तम आहे हे आम्ही मान्य करतो, आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी मोबाइलवरच काम करावे. मात्र पुष्कळ मोबाइल चित्रांची गती स्थिर ठेवीत नाहीत. प्रकाश कमी झाला की सेकंदाला तीसची चोवीस होतात. मोबाइलमध्ये पाहताना कळत नाही. पण संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तासाभराच्या प्रवचनाच्या शेवटी ओठ आणि आवाज एकमेकांपासून सुटलेले असतात. हँडब्रेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘स्थिर गती’ निवडून फाइल आधी बदलून घ्यावी व मगच कापावयास घ्यावी. दुसरे असे की, मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘जास्तीत जास्त सुसंगत’ अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडला की फोन एच.२६५ ऐवजी एच.२६४ लिहितो. २०१७ पासूनच्या आयफोनमध्ये तर हे पाहणे जरुरीचे आहे.

फोटोचे मोठे कॅमेरेही हल्ली व्हिडिओ घेतात आणि ते चित्र फार देखणे असते. तरी त्यांतील पुष्कळ कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यावर युरोपात जास्त जकात लागे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली आणि ती आपल्यालाही लागू झाली. वर्षावासातील प्रवचन दीड तासाचे असते आणि बटण पुन्हा दाबावयास माणूस जागेवर नसतो. आमच्या मते मंडळासाठी हातात धरावयाचा साधा कॅमकॉर्डरच योग्य. दुकानांत तो आता कमी दिसतो हे खरे, त्यामुळे वापरलेला घेण्याची वेळ येऊ शकते. वापरलेला घेताना बॅटरी बाजारात मिळते की नाही हे आधी पाहावे.

कार्ड किती मोठे लागेल हा प्रश्न साध्या गुणाकाराचा आहे. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सेकंदाला किती मेगाबिट ते दिलेले असते. त्याला आठाने भागले की मेगाबाइट मिळतात. एव्हीसीएचडीचे २४ मेगाबिट म्हणजे सेकंदाला ३ मेगाबाइट, म्हणजे तासाला १०.८ गिगाबाइट. पन्नास मेगाबिटला तासाला २२.५ आणि फोर-केच्या शंभर मेगाबिटला ४५ गिगाबाइट. चौसष्ट गिगाबाइटचे कार्ड पहिल्या प्रतीत जवळजवळ सहा तास चालते, शेवटच्या प्रतीत दीड तासही पुरत नाही. जयंतीचा कार्यक्रम सकाळच्या वंदनेपासून रात्रीच्या गीतगायनापर्यंत चालतो. आणि फोर-के घेऊन आपण दाखविणार कोठे, तर विहारातील जुन्या प्रोजेक्टरवर. तेव्हा साध्या पूर्ण एचडीत, एच.२६४ लिपीत, ‘२५-पी’ वा ‘५०-पी’ मध्ये चित्रण करावे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. कार्ड नामांकित कंपनीचे व पावतीसह घ्यावे आणि पहिल्या दिवशी ते काठोकाठ भरून, परत वाचून पाहावे. खोटी कार्डे बाहेर चौसष्टचा आकडा दाखवितात आणि आत आठच निघतात.

उतरवून घेताना आमची २०१२ सालची चूक कोणी करू नये. फाइल शोधत बसू नये, कार्डावर दिसेल ते सर्व, फोल्डर जसेच्या तसे, उचलावे. याला आणखी एक कारण आहे. बत्तीस गिगाबाइटपर्यंतच्या कार्डावर एक फाइल चार गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा लांब चित्रणाचे आपोआप तुकडे पाडतो. ते तुकडे कसे जोडावयाचे याची नोंद शेजारच्या फोल्डरांतून असते. नुसत्या एमटीएस फाइली उचलून जोडल्या तर सांध्यावर क्षणभर आवाज तुटतो, आणि तो क्षण नेमका एखाद्या शब्दाच्या मध्यावर येतो. कार्ड पुसण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती झाल्या आहेत व त्या उघडतात, हे दोघांनी पाहून वहीत सही करावी. बँकेत तिजोरीची किल्ली दोघांकडे असते, तशीच ही पद्धत आम्ही मंडळात सुरू केली आहे. काहींना हा जाच वाटतो. असू दे.

बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चलच्चित्रण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले, ते आज आपण पाहू शकतो. ते फिल्मवर होते. फिल्म उजेडासमोर धरली तर यंत्राशिवायही तिच्यातील माणसे दिसतात. आपल्या चकत्या कितीही उजेडासमोर धरल्या तरी त्यांत आपलाच चेहरा दिसतो. म्हणून मंडळाने असे ठरविले आहे की, संपादित फाइलबरोबर मूळ चित्रणही ठेवावयाचे, आणि दर पाच वर्षांनी ते उघडून, चालू काळातील लिपीत त्याची एक प्रत करावयाची.

त्या चार चकत्यांचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने त्याच कंपनीचा, त्याच जातीचा जुना कॅमेरा चोरबाजारातून मिळवून आणला. त्यात घालून दोन चकत्या फायनलाइज झाल्या. एक चरे पडल्याने वाचली जात नाही, एक कॅमेरा ओळखतच नाही. आजींच्या बोलण्यातील अकरा मिनिटे मिळाली. हिंदू कॉलनीतील राजगृहापासून यात्रा निघाली तेथून त्या सुरुवात करतात आणि चौपाटीवर पोहोचेपर्यंतचे चित्रण आहे. दीक्षेचा भाग पुढच्या चकतीवर होता. आजी २०१५ साली कालकथित झाल्या.

१९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या मुंबई व गाव शाखेतील सभासदांच्या घरी अशी जी वडीलधारी मंडळी असतील त्यांचे नाव, वय, मूळ गाव आणि दीक्षेचे ठिकाण लिहिण्यासाठी विहाराच्या ग्रंथालयात एक वही ठेवली आहे. कॅमेरा रविवारी सकाळी नऊ ते बारा उपलब्ध असतो. ज्यांना विहारापर्यंत येणे जमत नाही त्यांच्या घरी आम्ही येऊ. माइक, इअरफोन आणि रिकामे कार्ड आम्ही घेऊन येतो, घरच्यांनी फक्त पंखा बंद ठेवावा.